लॅमिनेशन

सायबर चौकातून विद्यापीठाकडं वळलं की
डाव्या हाताचा तिसरा गाळा माझा.
झेरॉक्स दोन रुपये, पाठपोट तीन,
लॅमिनेशन तीस. पदवी असेल तर चाळीस,
कारण कागद मोठा असतो
आणि त्या दिवशी कुणी घासाघीस करत नाही.
माझ्याही हातावर पेढा पडतो.
मशीन तापेपर्यंत मी नाव वाचते.
एवढंच माझं व्यसन.

भरतेश मगदूम, रुकडीचा.
बी.ई. मेकॅनिकल, प्रथम श्रेणी.
तीन वर्षांपूर्वी वडलांना घेऊन आला होता.
ते दूध संघाच्या टेम्पोवर, पहाटे तीनची ड्यूटी,
काउंटरला टेकून उभ्या उभ्या डुलकी काढत होते.
गरम कागद बाहेर आला तसे दचकून जागे झाले,
दोन्ही हातांत धरून त्यावर फुंकर घातली.
"चार वर्सं आणि सव्वापाच लाख," म्हणाले.
"आता पाण्यात पडली तरी भ्या न्हाई."

काल भरतेश परत आला. एकटाच.
शिरोलीला फौंड्रीत आहे, फेटलिंगला,
बोटांच्या चिरांत काळी वाळू.
पगार सोळा हजार, हातात चौदा.
मोल्डिंगवरचे दत्तूमामा सातवी नापास,
वाळू मुठीत दाबतात, मूठ उघडून बघतात,
म्हणतात, आजचा माल फुटणार.
फुटतो.
मामांना सव्वीस.
"त्यात चूक न्हाई आक्का, त्यांना येतंय.
मला काय येतंय ते कुणी इचारतच न्हाई."

माझी एम.ए. अर्थशास्त्र.
सव्वापाच लाख भागिले चौदा हजार
तोंडातल्या तोंडात झालंच:
साडेसदतीस महिने.
त्यातले छत्तीस सरले.
म्हणजे दीड महिना राहिला,
जेवला नसता तर.

आता जर्मनीला माणसं घेतायत म्हणे.
बाकीचे कागद झाले.
खिडकीतल्या बाईनं पदवी तेवढी परत सरकवली:
शिक्का कागदावर बसतो, प्लॅस्टिकवर नाही.
"काढून द्या की आक्का. तुम्हीच लावलंय."

निघत नाही, हे मला म्हणता आलं नाही.
वरच्या मजल्यावरच्या पार्लरमधून हेअर ड्रायर आणला.
कड गरम केली, ब्लेडचं टोक घातलं.
तो श्वास धरून उभा.
कोपरा सुटला. विद्यापीठाचं नाव सुटलं. त्याचं नाव सुटलं.
मग शाई फिल्मबरोबर यायला लागली.
'प्रथम श्रेणी' अख्खी उचलली गेली,
प्लॅस्टिकला उलटी चिकटली, आरशात दिसावी तशी.
कागदावर पांढरा, केसाळ चट्टा.

ड्रायर बराच वेळ चालूच राहिला हातात.
मग मी म्हटलं, दुसरी प्रत मिळते.
अर्ज करायचा, फी भरायची,
हरवली म्हणून लिहून द्यायचं.
"हरवली कुठं?" तो म्हणाला. "ही काय, हितंच हाय."

मी गल्ल्यातून चाळीस रुपये काढले.
त्यानं ते माझ्याच बाजूला सरकवले.
फिल्मचा तुकडा उजेडात धरला, पालथा केला.
"ह्या बाजूनं वाचता येतंय बघा."
दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या. सेकंड शिफ्ट होती.

माझी पदवी कपाटात आहे, साड्यांच्या घडीखाली.
तिला शिक्का मारायला कुणी मागितली नाही,
म्हणून कोरी करकरीत.
शिकून काय मिळालं, असं दीर दिवाळीला विचारतात.
मी सांगते, बायोडेटा टाइप करताना
माझ्याकडून आडनाव चुकत नाही.
ते हसतात. मी विनोद केलेला नसतो.

पाच वाजता एक मुलगी आली, आईचा हात धरून.
बी.कॉम. नवी कोरी, सुरळीला रबर लावलेलं.
"लॅमिनेशन करायचंय."
मी म्हटलं, मशीन बंद आहे.
मशीनचा लाल दिवा तिघींच्या मध्ये पेटलेला होता.
आईनं दिव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
"मग फोल्डर तरी द्या चांगलं."
फोल्डर दिलं. पंधरा रुपये.
पेढा घेतला.